सोनटक्क्याचं झाकण

माझ्या बायकोच्या, यू-शियाच्या, डोक्यातली गाठ वाढत चालली होती. डॉक्टर म्हणाले, आधी नजर जाईल, मग काही दिवसांनी बाकीचं. ते ऐकून ती घरी आली आणि वहीच्या पानावर सोनटक्क्याची फुलं काढायला बसली. तिच्या अस्थी ज्या डब्यात राहणार, त्याच्या झाकणावर तिला ती हवी होती.

"दुकानातला डबा नको मला," ती म्हणाली. "कायमचं राहायचंय तिथे. डोळे आहेत तोवर दार तरी बघून घेते."

ताइचुंग शहरातल्या लेथ कारखान्यात मी तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत लाकूड कोरायचं यंत्र स्वतः जुळवून बसवलं. संगणकात चित्र घातलं की तीन मोटरी पात्याला त्या रेषांवरून फिरवतात. तिच्या आईच्या कपड्यांच्या पेटीच्या दोन फळ्या आमच्याकडे होत्या, हिनोकीच्या सुवासिक लाकडाच्या, अजून वास येणाऱ्या. मी म्हटलं, एका दुपारचं काम आहे. कोण ही मिजास!

सदतिसाव्या मिनिटाला एक मोटर घुरघुरली आणि अडली. या मोटरी पावलं मोजत चालतात. पाऊल चुकलं तरी त्यांना त्याचा पत्ता नसतो, पुढचं सगळं खुशाल भलत्या जागी कोरत सुटतात. मी बटण दाबेपर्यंत फुलाच्या मधोमध चर पडला होता. एक फळी वाया गेली.

मग मी त्या मोटरीच्या हात धुऊन मागे लागलो. दुसरी फळी कपड्यात गुंडाळून ठेवली आणि टाकाऊ लाकडावर चाचण्या सुरू केल्या. वेग निम्मा केला. पातं कमी खोल घातलं. रुळांवरचा भुसा काढला, स्क्रूला ग्रीस लावलं, सैल नट आवळले, वायर बदलली. शेवटी लाकूडच काढलं आणि पातं नुसतं हवेत फिरवलं. तरी सदतीस-अडतीस मिनिटांनी अडलंच. ओझं नव्हतंच मुळी, मग अडतं कशाला? मला स्वतःचीच चीड यायला लागली.

थोरली मेव्हणी चिन-लियान रोज पेज घेऊन यायची. काम सुरू केल्यापासून सहाव्या दिवशी ती धापा टाकत गच्चीवर आली.

"तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलीस म्हणे! कुणाची रे, बाहुल्यांची?"

"ताई, डोकं नका खाऊ."

"पाकीट तरी ठेवलंयस का?"

आमच्याकडे यंत्र म्हटलं की त्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट आलंच. हिरवंच, न फोडलेलं, मुदत न संपलेलं. मग यंत्र शहाण्यासारखं वागतं. कारखान्यात तर साहेबसुद्धा तारखा तपासायचे.

"आहे की. यू-शियानेच ठेवलंय," मी म्हटलं.

"एकाने काय होतंय?" असं म्हणत ताईंनी पिशवीतून आणखी दोन काढली आणि यंत्राच्या नियंत्रणाच्या डब्यावर पहिल्याच्या शेजारी ठेवली.

त्या दिवशी मोटर बाराव्या मिनिटाला अडली.

मी डब्याला हात लावला आणि चटका बसला. त्याची जाळी वरच्या बाजूला होती. आतला पंखा गरम हवा तिथूनच बाहेर फेकायचा, आणि पाकिटं नेमकी जाळीवर पसरली होती. आत मोटरींना वीज पुरवणारा भाग तापत होता आणि दम खात होता. इतकं साधं!

मी ताईंची दोन पाकिटं उचलली. तिचं नाही उचललं.

एरवी पाकीट चिमट्याने चौकटीला टांगलेलं असायचं. मे महिन्यात यू-शिया शेवटची गच्चीवर आली, भिंत धरत धरत, नवं पाकीट घेऊन. चिमटा दाबायला बोटांत जोर नव्हता. दोनदा तिने प्रयत्न केला, मग हसली आणि पाकीट डब्यावर ठेवून दिलं. "इथूनही बघेल ते तुझ्या यंत्राकडे, म्हाताऱ्या." त्यानंतर ती कधी जिना चढली नाही, आणि मीही यंत्र चालवलं नाही. तिच्या हाताने ठेवलेली तेवढी एकच वस्तू त्या खोलीत राहिली होती. ती हलवायला माझा हात धजावेना. शिवाय झाकण झालं म्हणजे तिची तयारी पूर्ण झाली, हेही मनात होतंच. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं आणि आणखी तीन दिवस वायरी तपासत बसलो. खाली ती रोज विचारायची, "झालं का?" मी म्हणायचो, "उद्या."

दहाव्या दिवशी सकाळी ताई अर्ध्या जिन्यातूनच ओरडल्या, "थिएन-शिंग! तिला वाटी दिसत नाहीये रे! चमचा हवेत फिरवतेय!"

मी पाकीट उचललं आणि खिशात घातलं. दुसरी फळी लावली. यंत्र तीन तास अखंड चाललं, एक पाऊल चुकलं नाही. इतकं सुंदर काम माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं.

झाकण खाली नेलं आणि तिचे हात त्यावर ठेवले. तिने वास घेतला. बोटं हळूहळू पाकळ्यांवरून फिरली.

"आईची पेटी," ती म्हणाली. "अडत का होतं रे?"

"वायर सैल होती."

"आणि पाकीट?"

"जागेवरच आहे."

"मग बरंय. सांग ना, कसं दिसतंय?"

मी ताईंकडे पाहिलं. ताईंनी सांगितलं, रडत रडत, एकेक फूल करून.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली. नवव्या दिवसापर्यंत तिला दिसत होतं, आणि मोटर का अडते ते मला सहाव्या दिवशीच कळलं होतं.