परक्या पायाची फेरी

मी गाड्या चालवते असं सांगितलं की लोकांना वाटतं टॅक्सी. मग मी म्हणते, नाही हो, मी गाड्यांचा स्वभाव बसवते. त्यावर ते "अच्छा, अच्छा" म्हणतात आणि विषय बदलतात. माझ्या सख्ख्या आईलासुद्धा माझं काम कळलेलं नाही. ती शेजारणीला सांगते, "मुलगी गॅरेजात असते, पण एसीत."

असो. नमनाला घडाभर तेल नको. गेली तीन वर्षं मी एकाच गाडीवर होते. दोन दारांची, लांब नाकाची, उतरत्या पाठीची महागडी कूपे. मागे दोन सीट आहेत, पण त्या बॅगांसाठी, नाहीतर ज्यांच्याशी आपलं पटत नाही अशा नातेवाइकांसाठी. दार उघडायला गेलं की बिनचौकटीची काच आधी बोटभर खाली सरकते. आत बसलं की मागून एक लहानसा यांत्रिक हात पट्टा पुढे आणून देतो. पुढे सहा सिलिंडरचं इंजिन, आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या मध्ये एक चपटी विजेची मोटर. ही मोटर एकटीने गाडी ओढत नाही, म्हणून तर हिला माइल्ड हायब्रिड म्हणायचं. निघताना ती इंजिनाला हातभार लावते, ब्रेक लावला की वाया जाणारा जोर बॅटरीत साठवते, आणि मोकळ्या रस्त्यावर पाय उचललात की इंजिन चक्क झोपवते. गाडी धावतेय आणि इंजिन झोपलंय. परत पाय ठेवलात की हीच मोटर त्याला उठवते.

हे झोपवणं आणि उठवणं माझ्याकडे होतं. आत बसलेल्याला त्यातलं काही म्हणजे काही कळता कामा नये. जे कळत नाही त्याचा मला पगार मिळतो.

आणि काय जमलं होतं ते, काय सांगू! सकाळी साडेसहाला चाचणीच्या आवारात कुणी नसे. आतला रस्ता सात किलोमीटरचा, गोल, दोन्ही बाजूंना झाडं आणि त्यांच्या बुंध्यांशी धुकं. मी वेग धरायची आणि पाय उचलायची. उचलला रे उचलला की इंजिनाचा काटा शून्यावर. मग कशाचाच आवाज नसे. झाडं येत होती, जात होती, रस्ता आपणहून खाली येत होता, आणि मी त्यावर आहे की थोडी वर आहे हेही नक्की सांगता येत नव्हतं. माझा श्वास मला ऐकू येई. एकदा बाजूने एक पांढरा पक्षी माझ्याच वेगाने उडत आला आणि मी त्याच्याशी बोलले. काय बोलले ते विचारू नका. कुठे पोचायचं नव्हतंच, रस्ता गोल होता. फेरी संपली की मला झोपेतून उठल्यासारखं वाटायचं, आणि हातात नोंदींची फाइल असायची.

मी त्या गाडीला दहापैकी साडेनऊ मार्क देत होते. अर्धा दृष्ट लागू नये म्हणून कापला होता.

सुसाटने पाच दिले. सुसाट म्हणजे आमच्याच खोलीतला, माझ्या शेजारच्या टेबलाचा. नाव त्याच्या चालवण्यावरून पडलं. शेरा एकच: "इंजिन उठताना ठेच लागते." मी त्याच दिवशी चाळीस वेळा करून पाहिलं. ठेच नाही. "तुझ्या पायातच खोट आहे," मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं." मग ब्रेकवाल्या बाईंनीही सहा मार्क आणि तोच शेरा दिला. मी आणखी चाळीस वेळा केलं. रेशीम! सगळे मिळून मला वेड्यात काढताहेत असं वाटायला लागलं.

सोमवारी मामांनी बोलावलं. मामा म्हणजे आमचे विभागप्रमुख. कुणाचेच मामा नाहीत, पण ओरडतात त्याच हक्काने.

"शुक्रवारी मी स्वतः चालवणार," ते म्हणाले. "ठेच लागली तर फाइल सुसाटकडे. आणि ऐक, गाडीच्या संगणकात नवीन काही लिहायची मुदत संपलीय. आहेत ते आकडे बदल, नवा तक्ता मिळणार नाही."

"तीन वर्षं माझी आहेत, मामा."

"गाडी विकत घेणाऱ्याची आहे," ते म्हणाले. "आणि परक्या पायाची फेरी झाली का तुझी?"

झाली नव्हती. ही आमच्याकडची जुनी रीत. गाडी हातावेगळी करण्याआधी ज्याने काम केलं त्याने घरचं एक माणूस आणायचं. परवाना हवा, बाकी गाडीतलं ओ की ठो कळत नसावं. त्याने आतल्या रस्त्यावर तीन फेऱ्या मारायच्या. त्याला काहीही सांगायचं नाही, आणि आपण बाजूला बसून तोंड उघडायचं नाही. मी दर वेळी नणंदेला आणायची. ती चालवते झकास आणि परत जाताना कॅन्टीनवाल्याला चार गोष्टी सुनावून जाते. पण ती नेमकी गावाला गेलेली. उरला नवरा.

माझा नवरा रंगारी आहे, घरं रंगवतो. साडेतीन वर्षांपूर्वी परांचीवरून पडला आणि मणक्याची दोन हाडं दुखावली. चौदा महिने आठवड्यातून तीन वेळा मी त्याला व्यायामाच्या दवाखान्यात नेत होते. रस्त्यात खड्डा आला की तो ओठ चावायचा आणि कळ माझ्या काळजात उठायची. तेव्हापासून मी ब्रेक असा लावते की लावलेला कळू नये, आणि पाय असा उचलते, जशी झोपलेल्या माणसाच्या अंगावरची चादर उचलावी. पुढे तो बरा झाला. शिडीवर चढायला लागला. पण गाडी मीच चालवत राहिले. मी सोडते, मीच आणते. त्याने किल्ली मागितली नाही, मी दिली नाही.

बुधवारी तो आला. केसांत पांढऱ्या रंगाचे ठिपके, पायात धुतलेले बूट. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "हा करडा नाही. याच्यात निळा घातलाय, दोन थेंब. सकाळी वेगळा दिसत असणार." मला तीन वर्षांत कळलं नव्हतं ते.

मग तो चाकामागे बसला, पट्टा देणारा हात पुढे आला तसा दचकला, हसला, आणि निघाला.

आई गं! काय तो पाय! "अगं, ही तर पळते!" असं ओरडून त्याने दाबला. लगेच वळण दिसलं म्हणून झटक्यात उचलला. वळण तेवढं अवघड नाही असं वाटलं म्हणून परत ठेवला. आणि ठेच लागली. माझ्या कमरेत, स्पष्ट. अंधारात एक पायरी जास्त आहे असं धरून पाय टाकावा तशी. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा ठेच. यालाच आमच्या धंद्यात मन बदलणं म्हणतात. पाय निघाला म्हणून इंजिन झोपायला जातं, अर्ध्या वाटेवर असतं, तेवढ्यात पाय परत येतो. अर्धवट झोपलेल्याला हलवलं की माणूससुद्धा खेकसतो. नवऱ्याचा पाय दर चार सेकंदांनी मन बदलत होता. मी ओठ घट्ट मिटून तीन फेऱ्या काढल्या. नियम म्हणजे नियम.

गाडी थांबली आणि माझं तोंड सुटलं. "अशी चालवतात गाडी? पाय ठेव तरी, नाहीतर काढ तरी! एक काहीतरी कर!"

"सगळे अशीच चालवतात," तो शांतपणे म्हणाला. "तू सोडून."

"मी नीट चालवते."

"तू मला दवाखान्यात नेतेस."

"काय?"

"अजून. रोज." तो समोरच्या काचेकडे बघत होता. "दोन वर्षं झाली गं मला बरं होऊन. मी दिवसभर शिडीवर उभा राहून छतं रंगवतो. आणि संध्याकाळी तू येतेस आणि मला अंड्यांच्या टोपलीसारखं घरी आणतेस. मी काही बोलत नाही, कारण तू माझ्यासाठी खूप केलंस. पण कधीकधी वाटतं, मी बरा झालोय हे तुला कुणी सांगितलंच नाही."

मला इतका राग आला की मी दार उघडून सरळ चालू पडले. चौदा महिने मी रजा टाकल्या, बोलणी खाल्ली, आणि हा म्हणतो टोपली! त्याला फाटकापर्यंत सोडायलाही गेले नाही. तो पायी गेला.

टेबलाशी बसून मी सगळ्यांच्या नोंदी काढल्या. सुसाट, ब्रेकवाल्या बाई, आणि आजच्या तीन फेऱ्या. पाय उचलायला प्रत्येकाला लागतो सेकंदाचा पाचवा भाग. मला लागतो दीड सेकंद, आणि एकदा उचललेला पाय मी अर्ध्या वाटेवरून परत ठेवत नाही. शेकडो नोंदी चाळल्या, तसा पाय फक्त माझा. मी तीन वर्षं जगातली सर्वांत शांत गाडी बनवली होती, आणि ती एकाच बाईला शांत होती. सगळ्या जगाच्या पायांची मापं काढायचं काम माझ्यावर होतं, आणि माझाच पाय मोजायचा राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला रडू आलं. लाज वाटली म्हणून आलं, आणि तो खरं बोलला होता म्हणूनही. सुसाटने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून बाहेर गेला. तसा बरा मुलगा आहे.

आकडा एकच होता. पाय उचलल्यावर इंजिनाने किती थांबायचं आणि मग झोपायचं. मी ठेवला होता सेकंदाचा तिसरा भाग. गुरुवारी सकाळी तो थोडा वाढवून पाहिला आणि मुद्दाम नवऱ्यासारखी चालवली. दाबा, उचला, दाबा. अर्धी ठेच लागली. अर्धी ठेच ही ठेचच असते. मग दीड सेकंद केला आणि ठेच गेली.

नंतर एक फेरी माझ्या पायाने मारली. धुकं होतं, झाडं होती. मी पाय उचलला आणि वाट पाहिली. इंजिन आपलं चालूच. एक, आणि अर्धा. मग शांतता आली, पण बोलावल्यावर उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी. दीड सेकंदासाठी एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ती फेरी मी सावकाश संपवली आणि तो आकडा फाइलीत कायम केला.

शुक्रवारी मामांनी गाडी मुद्दाम वाईट चालवली. अकरा वेळा मन बदललं, मी मोजत होते. उतरले, चष्मा पुसला आणि कागदावर लिहिलं, "काही जाणवलं नाही." आमच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं. फाइल माझ्याकडे राहिली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण सही करण्याआधी तो आकडा मी एकदा परत वाचला.

बुधवारपासून घरी आम्ही कामापुरतं बोलत होतो. पाच वाजता रोजच्यासारखी मी त्याला आणायला गेले. तो एका नव्या घराच्या जिन्यात रंग देत होता. डबे बंद करून, हात पुसत खाली आला आणि नेहमीच्या बाजूचं दार उघडलं. तिथे मी बसले होते.

"काय गं? बरं नाही का?"

"चालव," मी म्हटलं.

तो पलीकडे जाऊन चाकामागे बसला. आमची गाडी जुनी, लहान. तिला मोटर नाही की काही नाही. पहिल्याच चौकात त्याने असा ब्रेक लावला की माझी पर्स खाली पडली. मी दोन्ही पाय पायपुसण्यावर दाबून धरले. गतिरोधक आला. तो त्यावरून गेला, आणि त्याने ओठ चावला नाही. मी बघतच होते. पुढच्या गतिरोधकावरही नाही. तो गुणगुणत होता, बेसूर. त्याच्या कपड्यांना रंगाचा वास येत होता आणि दुकानं मागे जात होती. केव्हा कोण जाणे, माझे पाय सैल झाले.

डोळे उघडले तेव्हा आमच्या इमारतीखाली होतो. इंजिन बंद, काच उतरवलेली. ऊन भिंतीवरून सरकून वरच्या मजल्यावर गेलं होतं. तो हात मांडीवर ठेवून तसाच बसला होता.

"केव्हा आलो?"

"झाली चाळीस मिनिटं."

"मला कळलंच नाही. उठवायचंस ना!"

"तू तरी कुठे उठवायचीस मला? दवाखान्यातून आलो की इथेच बसून राहायचीस, माझी झोप होईपर्यंत."

"तुला कसं माहीत? तू तर ढाराढूर झोपलेला असायचास."

"कुठला झोपतोय! पाठ ठणकायची," तो म्हणाला. "जागाच असायचो. पण दिवसभरात तू तेवढीच निवांत बसायचीस. मग कशाला डोळे उघडा?"

"लबाड," मी म्हटलं, आणि दार न उघडता डोळे परत मिटून घेतले.