उत्तरेची खिडकी

दर शनिवारी दुपारी चर्चच्या मनोऱ्यावरून चारही दिशांना स्तोत्र वाजवायचं, एकेका खिडकीत एकेक कडवं, ही या गावची जुनी रीत. राजे गेले, युद्धं झाली, सरकारं आली नि बुडाली, पण उत्तरेला पाठ फिरवायची हिंमत कुणाची झाली नाही. ती झाली नगरपालिकेच्या सांस्कृतिक विभागातल्या रीडेलसाहेबांची.

"उत्तरेला आहे काय? ते सिमेंटचे ठोकळे!" साहेब मनोऱ्यावरच्या पितळी वाद्यांच्या पथकाला म्हणाले. "पर्यटक सगळे चौकात असतात. चौकाकडेच दोनदा वाजवा."

"आणि ठोकळ्यांत काय कबुतरं राहतात?" पथकातल्या रोझविटानं विचारलं.

साहेब हसले. पथकातले बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. दिव्याच्या प्रत्येक खांबावर 'संगीताचं गाव' अशी पाटी ठोकायची आणि अर्ध्या गावाला संगीतातून वगळायचं! रोझविटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यातल्याच एका ठोकळ्यात ओटमार मास्तर एकटे राहत. पथक त्यांनीच वर्षानुवर्षं चालवलं होतं आणि रोझविटाच्या हातात लहानपणी ट्रॉम्बोन दिला तोही त्यांनीच. दोन शनिवार असे गेल्यावर ती त्यांच्याकडे आलुबुखारचा केक घेऊन गेली, तर मास्तरांचा स्वतःचा ट्रॉम्बोन पेटीत बंद होऊन दाराशी उभा.

"सोमवारी माणूस येतोय न्यायला. विकला," मास्तर म्हणाले.

"का हो?"

"कान गेले, पोरी. दोन शनिवार खिडकी सताड उघडून बसलो. एक सूर नाही. तुझं बोलणं ऐकू येतंय, पण लांबचं गेलं. बहिऱ्यानं वाद्य कशाला अडवून ठेवायचं?"

कान नाही गेले मास्तर, तुम्हाला वगळलंय, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण कडाक्याच्या थंडीत ज्या गावासाठी त्यांनी ओठ फाटेस्तोवर वाजवलं, त्याच गावानं त्यांना मोजणं सोडलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं केक कापायला घेतला.

शनिवारी तीन खिडक्या झाल्या आणि बाकीचे पुन्हा चौकाकडे वळले. रोझविटा मात्र उत्तरेला गेली आणि तिनं कडी काढली.

"अगं, साहेब खाली उभे आहेत!" पथकप्रमुख फोल्कमार कुजबुजला.

"राहू दे की उभे. पाय त्यांचेच दुखतील."

तिनं ट्रॉम्बोन ओठांना लावला. तिचा भाग सगळ्यात खालचा. वर चाल नसली की तो ऐकायला विचित्रच, घरात कुणी जड बूट घालून येरझाऱ्या घालाव्यात तसा. कुणीतरी साथ देईल असं तिला वाटलं होतं. कुणी दिली नाही. भेकड सगळे! रागानं डोळे भरून आले, तरी तिनं अख्खं कडवं एकटीनं वाजवलं.

खाली उतरते तोच रीडेलसाहेब आडवे आले. "हा काय तमाशा?"

इतक्यात तिचा फोन वाजला. पलीकडे मास्तर असे ओरडत होते की साहेबांनाही ऐकू जावं.

"बाकीचे मेले का? एकटा खालचा सूर कसला वाजवतेस? आणि तिसऱ्या ओळीत श्वास मधेच तोडलास! हेच शिकवलं होतं मी?"

"ऐकू आलं, मास्तर?"



"म्हणजे कान ठीक आहेत माझे," मास्तर सावकाश म्हणाले. "मग ते दोन शनिवार काय झालं होतं गं?"

रोझविटानं फोन रीडेलसाहेबांच्या हातात कोंबला.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा त्यांना."