शिंप्याची कंबर

बाबांच्या कपाटात पाच विजारी होत्या. तीन विजारींची कंबर मागच्या शिवणीतून वाढवलेली: एकीची अर्धा इंच, दुसरीची एक, तिसरीची दीड. चौथी उसवून ठेवलेली. पाचवी ठेवणीतली, तिला अजून हात लागला नव्हता. सदरे सात होते. ते मात्र सगळेच गळ्याशी ढगळ झाले होते.

बाबा शिंपी; सगळे त्यांना मास्तर म्हणत, आईसुद्धा. पोट वाढलं, कंबर वाढवली. त्यांच्या लेखी विषय संपला.

"वय झालं की पोट सुटतंच," आई म्हणाली.

"जेवण निम्म्यावर आलंय. मग सुटलं कशानं?"

"मला काय विचारतेस? मास्तरांना विचार, सापडले तर. सारखे आपले बाथरूममध्ये. नळ काही बंद होत नाही मेला!"

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. शनिवारी येताना तिथलं एक जुनं मोजपात्र आणलं आणि बाथरूममध्ये ठेवलं.

"काय शास्त्रज्ञबाई, आता घरचेही नमुने का?" बाबा म्हणाले.

"एकच दिवस. दर वेळी किती झाली, फक्त तो आकडा लिहायचा."

"मापं घ्यायचं काम माझं."

पण रविवारी त्यांनी लिहिलं. कापडावर खुणा करायच्या खडूनं, दाराच्या मागच्या बाजूला. अकरा आकडे. सगळ्यात मोठा चाळीस मिलीलिटर. बेरीज तीनशे दहा.

अकरा वेळा जाणाऱ्याला लघवी जास्त होते, असं आम्ही तिघंही धरून चाललो होतो. म्हणून बाबांनी पाणीसुद्धा तोडलं होतं. आकडे उलटं सांगत होते. भरलेल्या टाकीच्या काठावरून थोडं थोडं सांडावं, तसं हे होतं.

"बाबा, सुरू व्हायला वेळ लागतो?"

ते सुईत दोरा ओवत होते. वर न बघता म्हणाले, "लागतो. जोर करावा लागतो. मुलीला काय सांगायचं असलं!"

"मग कुणाला सांगणार होता, गिऱ्हाइकाला?"

ते हसले. दोरा दोनदा चुकला.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या बेंबीखाली हात ठेवला, बोटांनी ठोकून पाहिलं. "हे सुटलेलं पोट नाही, काका. तुंबलेली लघवी आहे. प्रोस्टेटची गाठ वाढून वाट दाबतेय. किडनीवर जायच्या आत आलात, बरं झालं."

नळी घातली. अकराशे पन्नास मिलीलिटर निघाली. बाबांनी कापडाचा पोत बघावा तसा पोटावरून हात फिरवला. "गेलं," ते म्हणाले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मी त्यांच्या पायांवर चादर ओढली.

दोन आठवडे नळी आणि गोळ्या. लघवीच्या पिशवीला त्यांनी अस्तर लावून झाकणाची झोळी शिवली, पण दुकान उघडलं नाही.

"माप घ्यायला वाकलो आणि कुणाला दिसली तर? ही कायमची राहिली, तर मशीन विकून टाक," एका संध्याकाळी ते मला म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून मशीन विकायची गोष्ट निघाली नव्हती.

नळी काढायच्या दिवशी बाई म्हणाल्या, "आता स्वतःहून व्हायला हवी. नंतर सोनोग्राफीत आत किती उरली ते बघू. शंभरच्या आत असली, तर नळीची गरज नाही. जास्त असली, तर परत घालू आणि ऑपरेशनचं ठरवू."

बाबा तीन पेले पाणी प्यायले. दीड तास आम्ही बाकावर बसलो. आईनं येताना चौथी विजार पिशवीत घालून आणली होती; तिची कंबर तिनं रात्री स्वतः पूर्ववत शिवली होती.

"टाका वाकडा आहे," बाबा म्हणाले.

"असू दे. घाई करू नका, मास्तर."

मग ते उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा हातातलं भांडं त्यांनी आधी मला दाखवलं, मग नर्सताईंना. दोनशे चाळीस.

टेबलावर आडवं करून नर्सताईंनी पोटावर थंड जेल लावलं. बाबांनी माझं बोट धरलं. पडद्यावर एक काळा डाग दिसला. ताईंनी त्याच्या दोन टोकांना खुणा केल्या आणि आकडा वाचला.

उरलेली लघवी: पंचेचाळीस मिलीलिटर.