मस्कतमार्गे कराची

मस्कतला रविवार कामाचा दिवस, म्हणून मुबीनाला तिथली ऑनलाइन बैठक पनवेलच्या घरातूनच गाठावी लागली. भावजय शहाबानोनं सकाळीच पाहुण्यांची खोली मोकळी करून दिली आणि मुलांना खाली खेळायला पिटाळलं. मुबीनानं लॅपटॉप उघडला, ओढणी सारखी केली, मग पुन्हा एकदा सारखी केली. पडद्यावरच्या चौकटींत कराचीची चौकट उघडली आणि तिला हसन दिसला. सहा वर्षांनी. दाढी पार पांढरी झाली होती.

मुबीना खारघरच्या एका सरकारी केंद्रात समुद्राच्या लाटांचा अभ्यास करायची. कराचीच्या पश्चिमेला, मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्राचा तळ हलला, तर लाट आधी कराचीला पोचते आणि काही तासांनी कोकणात. म्हणजे कराचीच्या बंदरातलं पाणी किती चढलं हे वेळेत कळलं, तर इकडची माणसं वाचतात. एवढ्या साध्या गोष्टीसाठी अरबी समुद्राकाठच्या देशांनी शास्त्रज्ञांचा एक गट केला होता. त्याच्या पहिल्या बैठकीत, मस्कतला, चहाच्या टेबलापाशी कराचीहून आलेला हसन तिला येऊन म्हणाला होता, "तुमी पनवेलच्या ना? आमचे दादा तिकडचेच."

त्याचे आजोबा तरुणपणी आगबोटीनं कराचीला गोदीवर कामाला गेले आणि फाळणीनंतर तिकडचेच होऊन राहिले. घरात त्यांची कोकणी तेवढी टिकली. हसन पनवेलबद्दल विचारत राही. कामोठ्याकडची मिठागरं उन्हात खरंच आरशासारखी चमकतात का? मुबीना हो म्हणायची. तिथं आता इमारती उभ्या आहेत, रिक्षास्टँड आहे, हे सांगायला तिची जीभ रेटत नसे.

चौथ्या की पाचव्या बैठकीनंतर मस्कतमधल्या मत्रहच्या किनाऱ्यावर चालता चालता त्यानं तिला लग्नाचं विचारलं. दोघांनाही कळत होतं, की कुणीही एकानं सीमा ओलांडली, की दुसऱ्याच दिवशी दोघंही गटाबाहेर. आणि कराचीचे आकडे भारताच्या पडद्यावर यायला नुकती कुठं सुरुवात होत होती. दोन्हीकडचे अधिकारी त्या दोघांच्या शब्दावरच तयार झाले होते. "हे आधी उभं राहू दे," ती म्हणाली. हसननं मान डोलावली. त्यानंतर त्यानं विषय काढला नाही आणि तिनं लग्न केलंच नाही.

ते उभं राहिलं, काही वर्षं चाललंही. मग दोन्ही देशांत बिनसलं, व्हिसा बंद झाले, बैठका थांबल्या आणि एका सकाळी कराचीच्या पाण्याची पातळी दाखवणारी रेघ पडद्यावरून गेली.

ती परत आणता येते का, यासाठी आजची बैठक होती. दिल्लीहून अरुंधती नावाची परराष्ट्र खात्याची अधिकारी जोडली गेली होती. थेट देवाणघेवाण नाही, अशी तिला सक्त सूचना होती. कराचीच्या अधिकाऱ्यालाही तशीच असावी. सकाळभर दोघांनीही आपापली कडक वाक्यं वाचून दाखवली. भारतानं काही सुचवलं तर कराचीवाले नाकारणार, त्यांनी सुचवलं तर दिल्ली नाकारणार, हे मुबीना ओळखून होती. म्हणून तिनं काहीच सुचवलं नाही. तिनं फक्त अध्यक्षांना विचारलं, की समजा प्रत्येक देशानं आपले आकडे मस्कतला दिले आणि मस्कतनं ते सगळ्यांना वाटले, तर उशीर किती होईल?

हसननं मान वर केली. "फार तर दोन मिनिटं," तो म्हणाला. "लाटेला वेळ लागतो. तेवढं चालेल."

ओमानी अध्यक्षांनी तो धागा लगेच उचलला. आता प्रस्ताव त्यांचा झाला होता. अरुंधती आणि पलीकडचा अधिकारी आपापल्या वरिष्ठांशी बोलायला उठले. दुपारच्या नमाजासाठी सुटी जाहीर झाली, चौकटी एकेक रिकाम्या झाल्या. दोन तशाच राहिल्या.

"कशी हायस?" हसननं विचारलं.

"बरी आहे. तू?"

"मी पुढल्या महिन्यात रिटायर होतोय. ही माझी शेवटची बैठक."

मुबीनानं इतकी वर्षं न सांगितलेलं सांगून टाकलं. "हसन, ती मिठागरं नाहीत रे आता. तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हाही नव्हती."

तो हसला. "माहीत होतं. उपग्रहाचे फोटो रोज बघायचो मी. पण तू हो म्हणायचीस, ते ऐकायला बरं वाटायचं."

तिचे डोळे भरून आले. ते पुसायच्या आत चौकटी पुन्हा भरू लागल्या.

संध्याकाळपर्यंत मसुदा ठरला. बैठक संपल्यावर अरुंधतीचा फोन आला. काम छान झालं, म्हणाली, आणि आवाज खाली आणला. "मॅडम, सुटीत तुम्ही दोघं बोलत होतात तेव्हा रेकॉर्डिंग बंद होतं. मी खात्री करून घेतलीय."

मंजुरीला पावसाळा उलटून गेला. मग एका दुपारी मस्कतमार्गे कराचीची रेघ मुबीनाच्या पडद्यावर आली, शांत, भरतीबरोबर हळूहळू चढणारी. केंद्रातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी पेढे आणले. पाठवणाऱ्याचं नाव नवं होतं.

त्या रात्री जेवणानंतर शहाबानोनं सहज विचारलं, "आपा, त्या बैठकीच्या दिवशी कोण होतं ओ? खोलीतून बाहेर आलात, तर चेहरा उतरलेला."

मुबीनानं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटी शहाबानोनं विचारलं, "आता तर ते रिटायर झाले. आता फोन करायला काय हरकत?"

"मी नाही झाले ना अजून," मुबीना म्हणाली. "माझ्या एका फोननं ती रेघ पुन्हा जाईल."

शहाबानोनं तिचा हात हातात घेतला.