मागून येणारं वजन

सगळे त्याला कप्तान म्हणत, आणि म्हणताना गालातल्या गालात हसत. माणूस पेशाने सुतार, दारं-खिडक्या करणारा. वस्ती डोंगरमाथ्यावर, आणि समुद्र इतका खाली की हवा स्वच्छ असली तरी नुसती एक चकाकती रेघ दिसायची. अशा ठिकाणी या गृहस्थाने घरामागच्या शेडमध्ये होडी बांधायला घेतली होती. तीही लहानसहान नव्हे, चांगली पाच टनांची. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा पहिली फळी बसली, आणि तिला नोकरी लागली तेव्हा कुठे शेवटचा रंग वाळला.

मग लक्षात आलं, की होडी शेडच्या दारातून बाहेरच निघत नाही. त्याच्या बायकोने, म्हणजे सगळ्यांच्या वहिनीने, पहार आणून त्याच्या हातात दिली. भिंत पाडली.

होडी खाली समुद्रावर नेण्याचं काम आलं त्याच्या बहिणीकडे. केस पिकायला लागले तरी घरात ती अजून धाकटीच होती. याच घाटात ती बस चालवायची. इथलं वळण न् वळण तिच्या अंगात मुरलेलं. खाणीवरचा एक ट्रक मिळाला, गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने ट्रेलरचा सांगाडा उभा केला. अडलं ते ब्रेकपाशी.

मिस्त्रीने तीन तऱ्हा सांगितल्या. पहिली सगळ्यात सोपी. ट्रक मंदावला की ट्रेलर त्याला मागून ढोसतो, आणि त्या ढोसण्यानेच ट्रेलरचे ब्रेक दाबले जातात. ना वायर, ना बटण. दुसरे ब्रेक चुंबकाचे, विजेवर चालणारे. पण होडी सोडताना चाकं खाऱ्या पाण्यात बुडणार आणि त्या ब्रेकांचं मातेरं होणार, म्हणून ते बादच. तिसऱ्या तऱ्हेत ट्रेलरवर एक पंप आणि ड्रायव्हरच्या हाताशी एक छोटी दांडी. दांडी ओढली की पंप तेल दाबतो, आणि तेलाच्या जोराने चाकांच्या तबकड्या पकडल्या जातात. पाण्याचं त्यांना भय नाही, पण जोडण्या फार.

कप्तानाचं मन पहिल्या तऱ्हेवर बसलं. ज्यात बिघडायला काही नाही तेच खरं, असं त्याचं म्हणणं. मिस्त्रीच्या एका जुन्या ट्रेलरला तसेच ब्रेक होते. धाकटी म्हणाली, आधी ओढून तर बघू. होडीच्या वजनाइतके दगड त्यावर भरले आणि भाऊ-बहीण घाटाच्या तोंडाशी गेले.

सपाटीवर सगळं लोण्यासारखं. उतार लागला आणि धाकटीला पाठीत काहीतरी जाणवलं. बसमध्ये माणसं खच्चून भरली तरी ते वजन बसचंच असायचं, तिच्या हुकमातलं. हे वजन वेगळं होतं. ते मागून टेकलं होतं आणि हटायला तयार नव्हतं. रागाने नाही, घाईने नाही. नुसतं खाली जायचं म्हणून जात होतं. इतकी वर्षं घाट चालवून आपल्याला उतार म्हणजे काय ते आज कळतंय, असं तिला वाटलं.

तिसऱ्या वळणावर तिने गाडी बाजूला घेतली. ट्रेलरच्या चाकाजवळ तळवा नेला आणि झटकन मागे घेतला. जळका वास नाकात शिरत होता.

"दादा, हे उतारभर मला ढकलणार, म्हणजे ब्रेकही उतारभर लागलेलेच राहणार. त्यांना गार व्हायला उसंतच नाही."

"तू आणखी हळू चालव की."

"हळू चालवलं तर आणखी ढकलेल. आवरायचं तर ते माझ्या हातात हवं, दांडीने."

कप्तान चाकाकडे बघत राहिला. होडीचा खिळान्‌खिळा त्याने स्वतः ठोकला होता. दुसऱ्याला रंधाही लावू दिला नव्हता.

"बरं," तो म्हणाला. "तुझ्या हातात."

होडी निघाली त्या दिवशी लोक रस्त्यावर आले. ती छपरांच्या वरून सरकत गेली तेव्हा सगळे माना वर करून बघत राहिले. कप्तान धाकटीशेजारी बसला होता. वहिनी मिस्त्रीच्या जीपमधून मागे. अर्धा घाट बिनबोभाट उतरला. पण जिथे डोंगराचा आडोसा संपतो तिथे वाऱ्याने होडीला कुशीत धक्का दिला. आरशात होडी डावीकडे आली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणखी लांब. धाकटीचा पाय ब्रेककडे धावला. तिने तो महत्प्रयासाने आवरला. ट्रकच आधी थांबला असता तर मागचं धूड वळसा घालून त्यालाच घेऊन दरीत गेलं असतं. तिने हात लांबवला आणि दांडी ओढली. थोडीशीच.

फक्त ट्रेलर मंदावला. इतका वेळ ढकलणारं ते वजन आता मागे ओढू लागलं, शांतपणे, आणि ट्रक न् होडी ताणलेल्या दोरीसारखी एका रेषेत आली. दोन बोटांची ओढ, आणि पाच टनांनी ऐकलं. तिने बोटांकडे पाहिलं. ती आपलीच आहेत यावर क्षणभर तिचा विश्वास बसेना. कप्तानाने खिडकीची कड घट्ट धरली होती. खालचं वळण आल्यावरच त्याने ती सोडली.

धक्क्यावर तिने ट्रेलर उलटा पाण्यात घातला. चाकं बुडाली, मिस्त्रीने पट्टे सोडले, आणि कसलाही आवाज न होता होडी ट्रेलरवरून उचलली गेली. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या वहिनीने सहज होडीच्या कुशीवर हात टेकला. होडी हलली.

"बघ गं," वहिनी म्हणाली, तेही दबक्या आवाजात.

धाकटी पाण्यात उतरली. घाटभर पाठीवर रेललेल्या त्या वजनावर तिने तळवा ठेवून हलकेच रेटलं. ते दूर सरलं, धक्क्याला बांधलेली दोरी ताणली गेली, आणि ते परत तिच्या हाताशी आलं. तिने पुन्हा रेटलं. पुन्हा आलं. डोळे का भरून येताहेत ते तिला कळेना.

कप्तान वर चढला होता. त्याने काठावरून वाकून हात पुढे केला. ती त्याच्या आधाराने वर आली, आणि तिचं पाऊल पडताच एवढी मोठी होडी तिच्या भाराने इवलीशी झुकली.