भट्टीसमोरची तलफ

मी एक जुनी लोखंडी फुंकणी आहे. चुलीपुढची नव्हे हं, काचकामाची! एका टोकाला भट्टीतल्या वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, दुसऱ्या टोकाने फुंकायचं, की फुगलाच तो. आणि मला सतत फिरवत ठेवायचं, नाहीतर काच लोंबते. मित्रांनो, चकचकीत नव्या फुंकण्या आल्या आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग कारागीर मावशीची भाची काम शिकायला आली आणि मी तिच्या हाती लागले. मावशी आकार देई, भाची फुंके. पोरगी गुणाची! पण खिशात व्हेप, म्हणजे ती बॅटरीवरची सिगारेट. कॉलेजात गंमत म्हणून सुरू केलेलं ते प्रकरण आता गळ्याशी आलं होतं.

एकदा दिव्याची मोठी हंडी अर्धी झाली होती. मावशी अवजार आणायला वळली, तेवढ्यात भाचीला तलफ आली. मला टेकवून ती मागच्या दारी पळाली. काच लोंबली, गार झाली आणि फटकन तडकली. मावशीने तिला दारातच गाठलं. मला वाटलं, आता पोरीची खरडपट्टी निघणार.

"ओरड हवं तर," भाची रडत म्हणाली. "कितीदा फेकून दिला गं, पुन्हा आणला. माझं सुटतच नाहीये."

"ओरडून सुटलं असतं, तर तुझ्या काकांची सिगारेट केव्हाच सुटली असती. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. दोघी."

डॉक्टरांनी सांगितलं, तलफ थोड्या वेळात ओसरते, तेवढा वेळ एकटीने काढू नकोस. पहिले दिवस फार वाईट गेले. चिडचिड काय, झोप उडणं काय! मध्ये एकदा मैत्रिणीचा व्हेप ओढलाच, आणि मान खाली घालून तिने ते सांगितलं.

"पाय घसरला, मोडला नाही ना?" मावशी म्हणाली. "चल, कामाला लाग."

परवा एक उंच बरणी चालू होती. ऐन मोक्याला पोरीचे हात थरथरले. मला धस्सच झालं!

"मावशी, तलफ आली."

"येऊ दे. फिरवत राहा, मीही धरते."

दोघींच्या हातांत मी गरगरत राहिले. हळूहळू थरथर थांबली, आणि बरणी पुरी झाली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, तुमचं कुणी असं अडकलं असेल, तर त्याला उपदेश करू नका, जवळ थांबा. तुम्हीच अडकला असाल, तर आजच कुणाला तरी सांगा. लाज वाटेल, वाटू दे. आमची पोरगी अजूनही अधूनमधून हाक मारते. मावशी येते.