भरलेली बॅटरी

ख्वाजामियाँनी बॅटरीची तार सोडवली, पुन्हा टेकवली. ठिणगी पडली नाही. गाडीत कुठे विजेची गळती असती, तर दिवे बंद असतानाही बारीक ठिणगी उडाली असती.

"सापडलं का काही?" ओसरीवरून डॉक्टर काकासाहेबांनी विचारलं.

"देखून राह्यलो, डॉक्टरसाब."

"महिन्यात तीनदा देखलं तुम्ही."

खरं होतं. बदनापुरात मोटरसायकल एकच, डॉक्टरांची, दहा वर्षं जुनी, आणि तिला हात लावणारे ख्वाजामियाँही एकटेच. जालन्याच्या जिनिंगमध्ये वीस वर्षं डायनॅमो सांभाळून ते गावी परतले होते. स्टेशनाजवळ, पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं दुकान होतं. गिरणीच्या इंजिनावर पट्टा चढवून ते लॉऱ्यांच्या बॅटऱ्या चार्ज करत. या गाडीचे त्यांनी पहिल्यांदा कार्बन बदलले, दुसऱ्यांदा कटआउटचे, म्हणजे वीज उलटी जाऊ न देणाऱ्या खटक्याचे, पॉइंट घासले. आज ढकलून चालू केल्यावर काटा चार अँपिअर दाखवत होता. डायनॅमो वीज देत होता. तरी बॅटरी रिकामी.

"काल फाटक बंद होतं," डॉक्टर म्हणाले. "मी गाडी बंद केली. आगगाडी गेली, फाटक उघडलं, पण गाडी चालू होईना. किक मारून मारून पाय भरून आला. मंग चालत गेलो सोमठाण्याला. बाई वाचली. पोर गेलं. अर्धा तास आधी पोचलो असतो ना, ख्वाजामियाँ, तर ते पोर रडलं असतं."

ख्वाजामियाँनी मान खाली घातली. दवाखान्यातून कुणी हाक मारली, म्हणून डॉक्टर रस्ता ओलांडून तिकडे गेले.

मान खाली होती म्हणूनच त्यांना ते दिसलं. बॅटरीच्या खुंट्यांवर त्यांनी लावलेलं व्हॅसलीन पुसलं गेलं होतं. ते स्वतः पान्यानं आवळत, दुसऱ्या तारेचा नट मात्र नुसत्या बोटांनी फिरला.

डॉक्टरांच्या पत्नी उषाबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवायला त्या वाकल्या, तेव्हा पदराच्या काठाजवळ मोहरीएवढी पाच-सहा भोकं दिसली. कडा पिवळट, कुरतडल्यासारख्या. तसलीच भोकं ख्वाजामियाँच्या सदऱ्यावर होती. बॅटरीतल्या तेजाबाचीच ती. दुसऱ्या कशानं कापड असं खात नाही.

"भाबी," ते हळूच म्हणाले, "बॅटरी उचलताना आडवी न्हाई करायची. हात भाजंल."

आतल्या खोलीत, कापडानं झाकलेल्या रेडिओकडे उषाबाईंची नजर गेली आणि परत आली.

"संध्याकाळी हे दवाखान्यात असतात तेव्हा लावते. अर्धाच तास," त्या म्हणाल्या. "आमचा मुलगा बद्रीनाथ सरकारविरुद्धच्या लढ्यात, सरहद्दीवरच्या शिबिरात गेलाय, ख्वाजाभाई. चार महिने झाले. यांनी त्याचं नाव घ्यायचं बंद केलं, रेडिओची बॅटरी इकून टाकली. म्हणाले, भिंतीला कान हायेत."

"रेडिओवर पोरांची नावं सांगतेत का?"

"न्हाई. गावाची सांगतात. कुठं गोळी चालली ते. त्याच्या शिबिराचं गाव न्हाई आलं, की मी दोन घास खाते." पदराची भोकं त्यांनी मुठीत धरली. "सोमठाण्याचं पोर माझ्यापायी गेलं का हो?"

ख्वाजामियाँ नट पान्यानं आवळू लागले. हिशेब सरळ होता. रेडिओ जेवढं घेतो, तेवढं परत भरायला गाडी दोन तास पळायला हवी. डॉक्टरांच्या फेऱ्या लहान होत्या.

डॉक्टर परत आले. "काय निघालं?"

उषाबाईंनी तोंड उघडलं. "अहो, मी..."

"भाबी, जरा पाणी आणता का?" ख्वाजामियाँ मोठ्यानं म्हणाले. त्या हलल्या नाहीत, तेव्हा तेच उठले. "डॉक्टरसाब, कटआउटचा पॉइंट माझ्याकडून जास्ती घासला गेल्ता. गाडी उभी ऱ्हायली की तिथून वीज उलटी वाहून जात होती. गलती माझी हाय."

मग डॉक्टर म्हणाले, "नजर गेली होती तर सांगायचं होतं. उद्या गाडी जालन्याला नेतो. तुम्ही हात लावू नका आता."

"बराबर हाय," ख्वाजामियाँ म्हणाले, आणि पाने पिशवीत भरू लागले.

त्या गुरुवारी डॉक्टरांकडे धुणंभांडी करणारी गोजरबाई दुकानावर आली. पाटीत भाजी होती. ख्वाजामियाँनी भाजीखाली एक जुनी पण धड बॅटरी सरळ उभी ठेवली. "भाबींना सांग, ही रेडिओची. दर गुरुवारी आणून दे, भरून देतो. गाडीच्या बॅटरीला हात लावू नका म्हणावं."

जालन्याच्या मिस्त्रीनं कटआउट पाहिलं आणि होतं तसंच बसवलं. गाडी पुन्हा बंद पडली नाही. जालन्याच्या माणसानं एका दिवसात ठीक केली, असं डॉक्टर सगळ्यांना सांगत. लॉरीवाले चांदपाशाही बॅटऱ्या तिकडेच नेऊ लागले. "चाचा, तुम्ही आता आराम करा," ते हसून म्हणाले. "पॉइंट घासता घासता माणसं घासाल." ख्वाजामियाँही थोडं हसले.

गुरुवारची बॅटरी मात्र येत राहिली. ते काचेची नळी आत बुडवून पाणी ओढत. उरलेली वीज सांगणारा आतला तरंगता काटा अकराशे ऐंशीवर असे. भरून देताना बाराशे सत्तर. आठवड्याला नव्वदचा फरक, म्हणजे रोज अर्धा तास. कुठल्या आठवड्यात काटा जास्त उतरलेला असे, तेव्हा भाबींनी जास्त वेळ ऐकलं, एवढं त्यांना कळे. विचारायचं काही नसे.

श्रावणातल्या एका गुरुवारी गोजरबाईनं पाटी ठेवली. ती नेहमीसारखी टेकली नाही, उभीच राहिली. ख्वाजामियाँनी नळी बुडवली.

बाराशे सत्तर.

त्यांनी नळी कापडानं पुसली, दुसऱ्या खान्यात बुडवली. मग तिसऱ्या. तिन्हीकडे तेच. गेल्या गुरुवारी दिली तशीच होती.

"भाबी बऱ्या हायेत ना?"

"काई बोलंना झाल्यात," गोजरबाई म्हणाली. "मागल्या गुरुवारीच कुणी माणूस आल्ता, चिठ्ठी घेऊन. डॉक्टरसायेबांनी मिशी काढली." तिनं डोळ्यांना पदर लावला. "बाईनं निस्तं एवढंच सांगितलं, ख्वाजाभाईंना म्हण, आता नको."

गिरणीचं इंजिन चालू होतं. पट्टा रिकाम्या डायनॅमोवर फिरत होता. ख्वाजामियाँनी बॅटरी दोन्ही हातांनी सरळ उचलली, फळीवर ठेवली, खुंट्यांना नवं व्हॅसलीन लावलं. मग उठून पट्टा उतरवला.